उचलण्यापुरतं बळ

गठुडीला उचलायची एक रीत ठरलेली होती. आधी चाकांच्या खुर्चीला ब्रेक लावायचा. मग आईनं तिच्यापुढे उकिडवं बसायचं, गठुडीनं दोन्ही हात आईच्या गळ्यात टाकायचे, आईनं एक हात पाठीमागून आणि एक गुडघ्यांखालून घालायचा, आणि दोघींनी एकदम श्वास घ्यायचा. श्वास सुटला की गठुडी वर. खुर्ची जिन्याखाली साखळीनं बांधलेली राहायची आणि दोघींची वरात चौथ्या मजल्याकडे निघायची.

इमारतीत लिफ्टची जागा होती, लिफ्ट नव्हती. बांधणाऱ्यानं खड्डा ठेवला, भिंती ठेवल्या आणि पुढचं सगळं देवावर सोडलं. त्या पोकळीत आता लोकांच्या मोडक्या सायकली, फाटक्या गाद्या आणि एक बिनपायांचं कपाट मुक्कामाला होतं. कपाटाला तळमजला मिळतो आणि आपल्याला मिळत नाही, असं गठुडीचे बाबा म्हणायचे. खाली सगळी गॅरेजं होती. राहायच्या खोल्या वरच, आणि जितकी वर तितकी परवडणारी. दुसरीकडे कुठे खालची खोली मिळतेय का, हे विचारून विचारून त्यांच्या चपला झिजल्या होत्या.

गठुडी हे काही तिचं खरं नाव नव्हे. ती वेळेआधीच जन्मली. नर्सनं इतकं गुंडाळून आणलं, की नाकाशिवाय काही दिसेना. बाबा घाबरून म्हणाले, "एवढं गठुडं? यात पोरगी आहे ना नक्की?" तेच चिकटलं. पोरगी होती, फक्त तिच्या पायांनी कधी जमीन ओळखली नाही. आता ती नऊ वर्षांची होती. बोलायला चुरुचुरु, चित्रांमध्ये हुशार आणि शाळेसाठी वेडी. शाळेत तिच्यासारखीच पोरं होती, त्यांच्या खुर्च्यांच्या शर्यती लागत, आणि मधल्या सुट्टीत ती एका मुक्या मुलीला सगळ्या वर्गाच्या चुगल्या सांगत बसे. रविवारी ती खिडकीत बसून उगाच व्हॅनची वाट पाहायची.

पूर्वी तिला बाबा उचलत. ते रंगारी होते. एका उंच भिंतीला रंग देताना परांचीवरून पडले, वाचले, पण कंबर कायमची गेली. आता कमरेला रुंद पट्टा बांधून ते घर सांभाळत, स्वयंपाक करत. पाण्याची अर्धी बादलीसुद्धा उचलायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. एकदा खालच्या गॅरेजातल्या दोघा पोरांनी हौसेनं गठुडीला खुर्चीसकट उचललं होतं. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर एकाचा हात सुटला, खुर्ची कलली, आणि ती इतकी किंचाळली, की लोक दारं उघडून बाहेर आले. लागलं काही नाही. पण त्यानंतर दुसऱ्या कुणी हात लावला की तिचं अंग लाकडासारखं व्हायचं. म्हणजे राहिली एकटी आई. आईचे हात चालतील तोवर शाळा, हा हिशेब घरात कुणी बोलून दाखवला नव्हता, पण तिघांनाही पाठ होता.

आई पडद्यांच्या दुकानात शिलाईला होती. दिवसभर मशीनवर बसून लोकांच्या खिडक्या झाकायच्या, हे तिचं काम. सकाळी उभ्याउभ्या चहा आणि डब्याच्या तळाशी उरलेली बिस्किटं, दुपारी मशीनवरच पाव, मध्ये पुन्हा चहा, रात्री गठुडीनं टाकलेलं आणि पातेल्याला लागलेलं. अंगानं ती सुटली होती, पण त्या अंगात जोर म्हणून नव्हता. जिन्यात प्रत्येक मजल्यावर थांबावं लागे. थांबल्यावर धाप लपवायला ती एक चेष्टा करायची, रोज तीच.

"काय गं गठुडे, आज दगड खाल्लेस काय?"

"दोन दगड आणि एक वीट," असं गठुडी म्हणायची, आणि दोघी हसायच्या. कधीतरी वीट वाढायची, कधी सिमेंटची गोणी यायची.

एके दिवशी तिसऱ्या मजल्याच्या अलीकडे आईचे गुडघे न सांगता मोडले. ती पायरीवर धप्पकन बसली. गठुडी मांडीत राहिली म्हणून वाचली, नुसतं कोपर खरचटलं. दुसऱ्या दिवशी शाळेतल्या व्यायामाच्या बाईंनी ते कोपर पाहिलं आणि आईला बोलावून घेतलं. बाई तरुण होत्या, पण बोलणं तोलून मापून. त्यांनी पोरीचं नंतर, आधी आईचंच सगळं विचारलं. काय खाता, कधी खाता, बसून खाता का. आई जेवते कधी, या प्रश्नाचं उत्तर आईला देताच येईना. तशी ती दिवसभर काही ना काही तोंडात टाकत होती, पण जेवत कधीच नव्हती.

बाईंनी तिला दटावलं नाही. म्हणाल्या, ही पोरगी तुम्हाला आणखी बरीच वर्षं उचलायचीय, तेव्हा आठ दिवसांचा उत्साह आपल्या कामाचा नाही. एका वेळी एकच गोष्ट धरा. इतकी लहान धरा, की ताप असला तरी जमेल आणि घरात भांडण झालं तरी जमेल. ती अंगवळणी पडली की दुसरी.

आईनं मान डोलावली आणि घरी येऊन नेमकं उलट केलं. उजाडायच्या आत उठून ती मैदानाला धावत फेऱ्या मारून आली. साखर बंद, भात बंद, रात्री नुसत्या उकडलेल्या भाज्या, त्याही मिठावाचून. मैदानावर एका बाईला उड्या मारताना पाहिलं म्हणून हिनंही मारल्या. आठवडा उलटायच्या आत मांड्या अशा धरल्या, की संडासातून उठताना भिंतीचा आधार घ्यावा लागला. गठुडीची शाळा बुडली. दुकानात पडद्यांना कड्या ठोकणारी एक मैत्रीण होती, तिला सगळे कडीवाली म्हणत. ती हसून लोळायचीच बाकी राहिली. म्हणाली, घोडी व्हायला निघालीस ते ठीक, पण पहिल्याच दिवशी शर्यतीत उतरलीस होय. त्या संध्याकाळी आईनं दोन पाव जॅम फासून खाल्ले आणि रडली.

मग मात्र तिनं बाईंचं ऐकलं. पहिली गोष्ट धरली ती फक्त अंड्याची. सकाळच्या चहाबरोबर बिस्किटांऐवजी एक उकडलेलं अंडं, आणि तेही खुर्चीवर बसून. खुर्चीवर बसून खायला तिला लाज वाटली, जणू परक्या घरी आलीय. पण अंडं टिकलं. मग दुपारच्या डब्यात भिजवून शिजवलेले वाटाणे आणि काकडी आली. पाव राहिला, पण एकटा नाही राहिला. मग दुकानातली युक्ती सुचली. एका पडद्याची दुमड शिवून झाली, की दुसरा मशीनखाली सारायच्या आधी स्टुलावरून हात न टेकता उठायचं आणि बसायचं, चार-सहा वेळा. मालकीणबाईंनी आधी भुवया उंचावल्या. काम अडत नाही म्हटल्यावर सोडून दिलं. कडीवालीही सुरुवातीला टिंगल म्हणून आणि मग खरोखरच सोबत उठू-बसू लागली. दुकानात आलेलं गिऱ्हाईक बावरून बघत राहायचं, या दोघींना नेमकं झालंय काय.

शेवटी आलं चालणं. त्याला वेळ एकच निघत होती. संध्याकाळी गठुडीला वर नेऊन ठेवलं, की पुन्हा खाली उतरायचं आणि मागच्या रस्त्यानं मोठा वळसा घालून यायचं. तेवढ्यात बाबा गठुडीला जेवायला वाढत. आई परतेपर्यंत पोरीचं ताट धुऊन पालथं पडलेलं असायचं. आईला जरा वाईट वाटे, तिघांचं एकत्र जेवण मोडलं म्हणून. पण बाबा म्हणत, "तू जा. आम्ही दोघं मजेत जेवतो."

आणि फरक पडला. आधी झोपेत पडला. मग एका सकाळी दुकानातला कापडाचा ताका तिनं एकटीनं फळीवर टाकला आणि टाकल्यावर लक्षात आलं, की मदतीला कुणाला हाक मारलीच नाही. आणि मग जिना. पहिल्या मजल्यावरचा थांबा सुटला. काही दिवसांनी दुसऱ्यावरचा. ज्या दिवशी ती तिसऱ्यावरही न थांबता सरळ दारापर्यंत आली, त्या दिवशी तिनं गठुडीला पलंगावर ठेवलं आणि दम खायच्या ऐवजी हसत सुटली. कमरेवर हात ठेवून, खोलीच्या मधोमध, मोठ्यानं. गठुडीसुद्धा हसली. बाबा ओट्याशी होते, त्यांनी वळून आधी गठुडीकडे पाहिलं, आणि मग तेही हसले.

आता जिन्यात थांबणं नव्हतं, त्यामुळे दगड-विटांची चेष्टाही बंद पडली. खरं तर गठुडीनं उत्तर देणं त्याआधीच थांबवलं होतं. ते आईच्या ध्यानात आलं नव्हतं.

तीनेक महिन्यांनी शाळेत तपासणी होती. आईनं अर्धा दिवस सुट्टी घेतली आणि मुद्दाम गेली, कारण तिला बाईंना सांगायचं होतं. व्यायामाच्या खोलीत सपाट वजनकाटा होता, खुर्चीसकट पोरांना त्यावर ढकलायचं आणि खुर्चीचं वजन वजा करायचं. बाई गठुडीची खुर्ची काट्यावर घेत होत्या, आणि आई दाराशी उभी राहून बोलत होती. अंडं कसं सुरू केलं, स्टूल कसं, कडीवाली कशी नादी लागली. "बाई, आता चौथ्या मजल्यापर्यंत एका दमात जाते मी. कुठे म्हणजे कुठे टेकत नाही."

बाईंनी खुर्ची काट्यावरून खाली घेतली आणि पुन्हा वर चढवली. मग गठुडीची बाही सरकवून दंडाला फीत लावली. मग तिला शिपाईबाईंबरोबर वर्गात पाठवून दिलं.

"बसा," त्या आईला म्हणाल्या.

आई बसली नाही.

पोरगी वाढायच्या वयात आहे, बाई म्हणाल्या, मागच्या वर्षीच्या तपासणीपेक्षा दोन किलो तरी जास्त भरायला हवी होती. ती चार किलोनं कमी भरलीय. तुम्हाला घरी जाणवलं नाही का काही.

आई सांगणार होती, की उंच होतेय म्हणून बारीक दिसते, आपण तेच समजून चाललो होतो. घाईघाईची अंघोळ, घाईघाईचे कपडे, रोज पाहिलेलं रोज कसं दिसणार. पण तेवढ्यात दुसरंच काहीतरी तिच्या लक्षात येऊ लागलं, सावकाश, खालून वर. पहिल्या मजल्याचा थांबा. दुसऱ्याचा. तिसऱ्याचा. तिनं स्वतःच्या हातांकडे पाहिलं. हात तसेच होते.

"म्हणजे मी नाही," ती म्हणाली.

बाईंना कळलं. त्यांनी फीत गुंडाळून ठेवली. मग म्हणाल्या, थोडंफार तुमचंही असणार, अंडी आणि चालणं काही वाया जात नाही. किती तुमचं आणि किती तिचं, ते मात्र कुणालाच सांगता येणार नाही.

शिपाईबाईंना विचारल्यावर उरलंसुरलं कळलं. गठुडी डबा मुक्या मुलीला भरवायची. शिपाईबाईंना ते फार गोड वाटत आलं होतं, आपलं सोडून दुसऱ्याला देणारी पोर. डबा घरी चाटूनपुसून येत होता, त्यात खोट काढायला जागाच नव्हती.

त्या संध्याकाळी आई चालायला गेली नाही. गठुडीला वर आणून तिनं पलंगावर ठेवलं, मागचं दार ओढून घेतलं आणि गॅलरीत बाबांपुढे उभी राहिली. ते स्टुलावर बसून गाजरं चिरत होते.

"रात्रीचं जेवते ना ती?"

बाबांची सुरी थांबली.

"तुम्हाला माहीत होतं," आई म्हणाली.

त्यांनी नाही म्हटलं नाही. म्हणाले, आधी वाटलं भूक नसेल. मग वाटलं पोट बिघडलंय. मग एकदा मागेच लागलो, तर तिनंच सांगितलं. "म्हणाली, बाबा, आईला सांगू नका, आई आता दुसऱ्या मजल्यावर थांबत नाही."

"आणि तुम्ही सांगितलं नाही."

"दुसऱ्या दिवशी सांगणार होतो." ते गाजराकडे बघत बोलत होते. "तू हसत वर आलीस. किती वर्षांनी तुला हसताना पाहिलं गं. म्हटलं आज नको, उद्या. उद्या पुन्हा तू हसत आलीस."

"आणि ताटातलं उरलेलं?"

"मी खायचो. टाकलं असतं तर तुला दिसलं असतं."

कमरेचा पट्टा त्यांनी एक भोक सैल केला होता, ते तिला तेव्हा दिसलं. घरात एकाच माणसाचं वजन वाढलं होतं आणि नेमका तोच उचलायच्या कामाचा नव्हता. तिला ओरडायचं होतं. ताट भिरकावावं, पट्टा धरून त्यांना गदागदा हलवावं, असं वाटलं. पण ओरडायला तोंड उघडलं आणि तिला एक दिवस आठवला. गठुडीच्या पाठीमागून हात घातला तेव्हा बोटं पलीकडे पूर्वीपेक्षा लांब पोचली होती, आणि तिच्या मनात आलं होतं, बरं झालं, पकड नीट बसते. नुसतं एवढंच आलं होतं आणि ती पुढची पायरी चढली होती. त्यांच्या हातातली सुरी घेऊन तिनं उरलेली गाजरं स्वतः चिरली.

मग तिनं ताट वाढलं आणि पलंगाच्या कडेला येऊन बसली. गठुडीला सगळं कळलेलं होतं, पातळ दारातून काय लपणार. तिनं तोंड मिटून घेतलं होतं. आईनं पहिला घास पुढे केला. ओठ उघडेनात.

"मी रागावले नाहीये," आई म्हणाली.

गठुडीनं तोंड भिंतीकडे वळवलं.

"दगडाचं मी चेष्टेनं म्हणायचे गं. तू काही जड नाहीस."

"आहे," गठुडी म्हणाली. "तू मला उचलतेस तेव्हा माझा कान तुझ्या इथं असतो." तिनं आईच्या छातीवर बोट ठेवलं. "मला सगळं ऐकू येतं. पहिल्या मजल्यावर वेगळं वाजतं, तिसऱ्यावर वेगळं. आधी खूप मोठं वाजायचं. आता नाही वाजत."

तोंडानं हसता येतं, चेहरा फिरवता येतो. छातीत काय वाजतं ते कुठे लपवणार होती ती?

"तू जेवली नाहीस तर आजारी पडशील. मग शाळा बंदच."

"जेवले तर मोठी होईन. मग पण बंदच."

नऊ वर्षांच्या पोरीनं हे इतक्या सरळ सांगितलं, जसं कुणी घड्याळातली वेळ सांगावी. आईच्या हातातला घास गार होत होता. ती म्हणू शकली असती, की नाही गं, मी आहे ना, मी अजून ताकद वाढवीन. पण या पोरीचा कान उद्या सकाळी पुन्हा छातीवर असणार होता.

"होय," आई म्हणाली. "एक दिवस मला उचलता येणार नाही. कधी ते मला माहीत नाही. त्या दिवशी आपण वर राहू. पण तू उपाशी राहून तो दिवस पुढे ढकललेला मला नको आहे. मला तू पुरती हवी आहेस. अर्धी नको."

गठुडी खूप वेळ पलंगपोसाचा दोरा ओढत बसली. मग तिनं विचारलं, घास थोडा लहान करता येईल का. आईनं लहान केला. तिनं तोंड उघडलं.

त्यानंतर ती जेवू लागली. आधी कुरकुरत, मग भुकेनं, कारण इतक्या दिवसांची दाबलेली भूक एकदा सुटली की सुटली. अंडं, भात, डाळ, गाजरं, आईच्या डब्यातले वाटाणेसुद्धा. शिपाईबाई मधल्या सुट्टीत शेजारी बसू लागल्या. मुक्या मुलीला स्वतःचाच डबा पुरेना झाला, तिला दुसऱ्याच्या डब्याची सवय लागली होती. गठुडीच्या गालांना रंग आला, दंडांना गोलाई आली. केस गळायचे थांबले. आणि केस गळत होते हे आईला आत्ता, थांबल्यावर कळलं.

आई मात्र एकही गोष्ट सोडत नव्हती. उलट बाईंना विचारून तिनं वाळू भरलेल्या बाटल्या उचलायला सुरुवात केली. चालणं सकाळी नेलं, म्हणजे संध्याकाळी तिघांना एकत्र जेवता येईल. आता ती नीट जेवत होती, नीट झोपत होती, तिचा रक्तदाब कुणालाही हेवा वाटेल असा होता. कडीवाली म्हणायची, तू दहा वर्षांनी लहान दिसायला लागलीस बये, कुणाला फसवायचा विचार आहे. आणि रोज संध्याकाळी जिना थोडा थोडा उंच होत होता. आधी तिसऱ्या मजल्यावर थांबावं लागलं. मग दुसऱ्यावर. थांबल्यावर दोघी काही बोलत नसत. गठुडी कान छातीवरून उचलून मुद्दाम दुसरीकडे बघायची, भिंतीवरच्या ओलीचे आकार बघायची, तेवढंच तिला आईसाठी करता येत होतं.

बाईंनी तिला एकदा एकीकडे घेऊन सांगितलं. तुमचं बळ वाढतंय, मी पाहतेय. पण पोरं ज्या वेगानं वाढतात त्या वेगानं कुणाच्याच आईचं वाढत नाही. तुम्ही काही चुकत नाही आहात. चुकत असतात तर मला काहीतरी सुचवता आलं असतं.

शाळा आधी एक दिवसाआड झाली, हातांना विसावा म्हणून. मग आठवड्यातून दोनदा. व्हॅनवाला समजूतदार होता, बाकीच्या दिवशी तो खालून जाताना हॉर्न वाजवत नसे. मग एका संध्याकाळी दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये आईच्या हातांनी ऐकणं सोडलं. पडल्या नाहीत त्या. आई पायरीवर हळूच बसली, गठुडीला मांडीवर घेतलं, आणि मग किती प्रयत्न केले तरी तिला पुन्हा उठता येईना. अंधारून आलं. तिसऱ्या मजल्यावरचे काका दूध आणायला उतरले, त्यांनी मदतीला हात पुढे केला, तशी गठुडी आईला घट्ट बिलगली. "काकांना उचलू दे," आई म्हणाली. "एकदाच. डोळे मिटून घे." काकांनी तिला वर नेलं. ती किंचाळली नाही. लाकडासारखं अंग करून, डोळे गच्च मिटून, ओठ चावत ती वर गेली, आणि दोन्ही कठड्यांना धरत आई तिच्या मागून चढली. पलंगावर ठेवल्यावर गठुडीची चड्डी ओली झालेली होती. काकांना दिसू नये म्हणून आईनं पटकन चादर ओढली. पुन्हा कधीही बोलवा, असं काका दोनदा म्हणाले, आणि ते मनापासून म्हणाले. गठुडीनं मान हलवली. नको.

त्या आठवड्यात बाबा शाळेत जाऊन सांगून आले.

आता गठुडी खिडकीत बसून चित्रं काढते. आठवड्याला एकदा व्यायामाच्या बाई घरी जाताना वाटेत थांबून वर येतात, नवीन वही देतात, मुक्या मुलीची खुशाली सांगतात. येताना धापा टाकतात. त्यांनाही चौथा मजला जड जातो.

एका सकाळी गठुडी जेवणाच्या ताटापाशी बसली होती आणि आई कामावर जायच्या आधी खुर्चीवरून उठत-बसत होती, हात न टेकता, सावकाश. अंडं खाऊन झालं होतं, चालून झालं होतं. सवयी आता अशा अंगात भिनल्या होत्या, की न करणंच अवघड गेलं असतं.

"आता कशाला करतेस?" गठुडीनं विचारलं. टोमणा नव्हता, तिला खरंच कळत नव्हतं.

आई उठता उठता मध्येच थांबली. मग पूर्ण उठून उभी राहिली.

"न्हाणीघरापर्यंत न्यायचं असतं ना तुला," ती म्हणाली.

गठुडीनं पलंगाकडे पाहिलं. तिथून नजर हळूहळू जमिनीवरून सरकवत, उंबरा ओलांडत, न्हाणीघराच्या दारापर्यंत नेली. तिनं मनात काहीतरी जुळवलं, काहीतरी वजा केलं. अंतर फार नव्हतं. तिनं ताट जवळ ओढलं आणि उरलेला भात खायला घेतला.